पायथनमधून इमेज सेव्ह करताना: पहिल्या फाइलपासून हजारो फ्रेमपर्यंत

कॉम्प्युटर व्हिजन शिकायला घेतलं की इमेज वाचायची कशी, तिच्यावर प्रक्रिया कशी करायची, मॉडेल कसं चालवायचं यावर पानंच्या पानं वाचायला मिळतात. सेव्ह करणं मात्र एका ओळीत उरकलं जातं, आणि डेटा नेमका त्याच ओळीत बिघडतो. तो बिघडताना प्रोग्रॅम थांबत नाही. फाइल तयार होते, उघडते, बहुतेक वेळा ठीकही दिसते. पुढे मॉडेलची अचूकता अडकून बसते आणि आपण दोष मॉडेलमध्ये शोधत राहतो. म्हणून ‘फाइल तयार झाली’ आणि ‘जे ठेवायचं होतं तेच फाइलमध्ये गेलं’ या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून वेगळ्या धरा.

या लेखात फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची. ‘इमराइट’ (इमेज फाइलमध्ये लिहिणारं फंक्शन) हे आय, एम आणि पुढे राइट असं सगळं लहान अक्षरांत जोडून लिहिलेलं नाव आहे, ‘इमरीड’ (फाइल वाचणारं)ही तसंच.

तयारी

इमेज हाताळण्यासाठी आपण ओपनसीव्ही ही लायब्ररी वापरणार आहोत. टर्मिनलमध्ये पिपने ‘ओपनसीव्ही-पायथन’ हे पॅकेज बसवा. नमपाय (आकड्यांचे तक्ते, म्हणजे अ‍ॅरे, हाताळणारी लायब्ररी) त्याच्यासोबत आपोआप येतं. कोडमध्ये इम्पोर्ट करताना नाव ‘सीव्ही२’ असतं. पॅकेजचं नाव वेगळं आणि इम्पोर्टचं वेगळं, याने पहिल्यांदा बरेच जण अडखळतात. स्क्रीन नसलेल्या सर्व्हरवर काम असेल तर ‘ओपनसीव्ही-पायथन-हेडलेस’ घ्या. दोन्ही एकत्र बसवू नका. दोन्ही पॅकेजं ‘सीव्ही२’ नावाच्या एकाच फोल्डरमध्ये फाइली टाकतात, आणि एक काढायला गेलात की दुसरंही मोडतं.

पहिली इमेज स्वतः बनवा

सरावासाठी इंटरनेटवरचा फोटो घेऊ नका. त्यात नेमके कोणते आकडे आहेत हे तुम्हाला माहीत नसतं, त्यामुळे सेव्ह झाल्यावर काय बदललं हेही कळत नाही. नमपायच्या ‘झीरोज’ फंक्शनने (२००, ३००, ३) आकाराचा, ‘यूइंट८’ (० ते २५५ मधले पूर्णांक) प्रकारचा अ‍ॅरे बनवा. यात २०० ओळी, ३०० स्तंभ आणि ३ चॅनेल (प्रत्येक रंगाचं एक) आहेत. उंची आधी, रुंदी नंतर. ‘रिसाइझ’ फंक्शनला मात्र माप उलट, म्हणजे रुंदी आधी असं द्यावं लागतं. ही उलटापालट एकदा वहीत लिहून ठेवा, ती वारंवार लागते.

आता पहिल्या १०० स्तंभांत (२५५, ०, ०), मधल्या १०० स्तंभांत (०, २५५, ०) आणि शेवटच्या १०० स्तंभांत (०, ०, २५५) भरा. मग ‘इमराइट’ला दोन गोष्टी द्या: शेवटी डॉट पीएनजी असलेलं फाइलचं नाव आणि हा अ‍ॅरे.

फाइल कुठल्याही फोटो व्ह्यूअरमध्ये उघडा. डावीकडे निळा, मध्ये हिरवा, उजवीकडे लाल असे तीन पट्टे दिसले पाहिजेत. पहिला पट्टा लाल का नाही? कारण ओपनसीव्ही रंगांचा क्रम निळा-हिरवा-लाल असा धरतं. पिलो (इमेज हाताळणारी दुसरी लायब्ररी), मॅटप्लॉटलिब (आलेख काढणारी), बहुतेक डीप लर्निंग लायब्ररी लाल-हिरवा-निळा असा धरतात. अ‍ॅरेच्या आत कुठेही ‘मी अमुक क्रमाचा आहे’ असं लिहिलेलं नसतं. क्रम फक्त तुमच्या डोक्यात असतो. पिलोने वाचलेली इमेज न बदलता ‘इमराइट’ला दिली की माणसांचे चेहरे निळसर होतात आणि आकाश केशरी होतं. एका लायब्ररीतून दुसरीकडे जाताना ‘सीव्हीटीकलर’ने क्रम बदलून घ्या. सोपा नियम असा: आपल्या कोडमध्ये सगळीकडे एकच क्रम पाळायचा आणि बदल फक्त वाचताना किंवा लिहिताना, म्हणजे दारातच करायचा. मधेच कुठेतरी बदल केला की तो दोनदा होतो किंवा राहून जातो.

‘इमराइट’ उत्तर देतं, ते ऐका

‘इमराइट’ काम झाल्यावर ट्रू किंवा फॉल्स परत देतं. नवशिक्यांच्या कोडमध्ये हे उत्तर जवळपास कधीच तपासलेलं नसतं. ज्या फोल्डरमध्ये लिहायचं तो अस्तित्वातच नसेल तर ‘इमराइट’ तो बनवत नाही, एरर देऊन थांबतही नाही. फॉल्स देतं आणि पुढच्या ओळीवर जातं. लूप दहा हजार वेळा फिरतं, प्रोग्रेस बार शंभर टक्क्यांवर पोचतो आणि डिस्कवर एकही फाइल नसते.

त्यामुळे पहिल्याच दिवशी एक छोटं फंक्शन लिहून ठेवा आणि ‘इमराइट’ फक्त त्याच्यातूनच वापरा. त्याने चार कामं करायची:

१. पाथमधला फोल्डर ‘मेकडर्स’ने तयार करायचा. ‘एक्झिस्ट-ओके’ ट्रू ठेवायचं, म्हणजे फोल्डर आधीच असला तरी अडत नाही.
२. इमेज नन (पायथनमधलं ‘काहीच नाही’) किंवा रिकामी नाही ना, हे पाहायचं.
३. ‘इमराइट’ चालवून उत्तर पकडायचं.
४. उत्तर फॉल्स असेल तर पूर्ण पाथ दाखवून स्वतःहून एरर उभी करायची.

काही चुकांवर ‘इमराइट’ स्वतःच एरर देतं. फाइलच्या नावात एक्स्टेन्शन नसेल किंवा ओळखीचं नसेल तर ‘या एक्स्टेन्शनसाठी रायटर सापडला नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो, कारण फॉरमॅट ठरतो तो एक्स्टेन्शनवरूनच. रिकामी इमेज दिली की अ‍ॅसर्शन फेल होतं. रिकामी इमेज येते ती बहुधा आधीच्या ‘इमरीड’मधून, फाइल सापडली नाही तर तेही एरर न देता नन देतं. म्हणजे वाचताना झालेली चूक लिहिताना बोलते. संदेश लिहिण्याच्या ओळीचा असला तरी शोध वाचण्याच्या ओळीपासून सुरू करा.

पाथच्या बाबतीत तीन खड्डे नेहमीचे आहेत.

पहिला म्हणजे सापेक्ष पाथ. ‘आउटपुट’ एवढंच लिहिलं तर फाइल स्क्रिप्टच्या शेजारी जात नाही; प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून चालवला तिथे जाते. एडिटरमधून चालवलं तर एक जागा, टर्मिनलमधून दुसरी. ‘फाइल सेव्ह झाली पण सापडत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. चालू फोल्डर सांगणारं ‘ओएस’मधलं ‘गेटसीडब्ल्यूडी’ छापून पाहा, लगेच उलगडा होईल.

दुसरा म्हणजे विंडोजमधला बॅकस्लॅश. डेटा, मग बॅकस्लॅश, मग टेस्ट असा पाथ साध्या स्ट्रिंगमध्ये लिहिला की बॅकस्लॅश आणि टी मिळून टॅब होतो. एन ने सुरू होणाऱ्या फोल्डरच्या बाबतीत नवी ओळ सुरू होते. त्याच कोडमध्ये ‘मास्क’ नावाचा फोल्डर चालतो आणि ‘टेस्ट’ चालत नाही, म्हणून गोंधळ वाढतो. पुढे झुकलेला साधा स्लॅश वापरा, तो विंडोजवरही चालतो. नाहीतर ‘पाथलिब’ वापरा. पाथलिबचा पाथ ओपनसीव्हीला देताना ‘एसटीआर’मध्ये गुंडाळून द्या, कारण जुन्या आवृत्त्या फक्त स्ट्रिंगच घेतात.

तिसरा खड्डा मराठीतून काम करणाऱ्यांना हमखास लागतो. विंडोजवर पाथमध्ये देवनागरी अक्षरं असतील तर ‘इमराइट’ अनेकदा अपयशी ठरतं किंवा अगम्य नावाची फाइल तयार करतं. अडचण फक्त फाइलच्या नावाची नसते. वरच्या कुठल्याही फोल्डरचं नाव देवनागरीत असलं, युजरचं नाव देवनागरीत असलं तरी हेच होतं. यावर खात्रीचा उपाय आहे. ‘इमएनकोड’ला एक्स्टेन्शन (डॉटसकट) आणि इमेज द्या, ते यशाचं उत्तर आणि एन्कोड केलेले बाइट असं दोन्ही परत देतं. ते बाइट नमपायच्या ‘टूफाइल’ने लिहा. फाइल उघडण्याचं काम आता पायथनच्या बाजूला होतं, आणि तिथे युनिकोडची अडचण नाही. वाचताना हेच उलट: ‘फ्रॉमफाइल’ने ‘यूइंट८’ म्हणून बाइट घ्या आणि ‘इमडिकोड’ला द्या.

फॉरमॅट निवडताना

फाइलचा आकार नंतर बघता येतो. आधी ठरवा की पिक्सेलची किंमत जशीच्या तशी परत मिळायला हवी का. हवी असेल तर जेपेग बाद.

जेपेग काय करतं ते जवळून पाहू. रंग आधी उजळपणा आणि दोन रंगछटा अशा तीन भागांत वेगळे होतात. नेहमीच्या सेटिंगमध्ये उजळपणा प्रत्येक पिक्सेलचा ठेवतात, रंगछटा मात्र २ × २ पिक्सेलच्या चौकोनाला एकच. मग ८ × ८ च्या ठोकळ्यांत विभागणी होते आणि डोळ्याला न जाणवणारे बारकावे टाकून दिले जातात. फोटोत हे खपून जातं. पण निळ्या पार्श्वभूमीवर एक पिक्सेल जाडीची लाल रेघ काढून जेपेगमध्ये सेव्ह करा आणि आठपट मोठी करून बघा. रेघ मळकट झालेली असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना लाटांसारखे ठिपके पसरलेले असतात. क्वालिटी १०० ठेवली तरी किंमती तंतोतंत परत येत नाहीत, कारण रंगांच्या रूपांतरात आकडे पूर्णांकात बसवावे लागतात.

ओपनसीव्हीत जेपेगची क्वालिटी ० ते १०० असते आणि काही न सांगता ९५ धरली जाते. पिलोमध्ये न सांगता ७५ असते. एकाच डेटासेटचा अर्धा भाग एका लायब्ररीने आणि अर्धा दुसरीने सेव्ह केला तर दोन्हींत दबलेपणा वेगळा असतो. एका वर्गाच्या इमेज एका स्क्रिप्टने आणि दुसऱ्या वर्गाच्या दुसऱ्या स्क्रिप्टने तयार झाल्या, तर मॉडेल वस्तू ओळखायचं सोडून जेपेगच्या खुणा ओळखायला शिकू शकतं. म्हणून क्वालिटी नेहमी स्वतः लिहा. ओपनसीव्हीत ती तिसऱ्या जागी, यादीच्या रूपात द्यायची असते: आधी ‘इमराइट जेपेग क्वालिटी’ हा स्थिरांक, मग आकडा. नुसता आकडा देऊन चालत नाही. पिलोत ९५ च्या वर जाऊ नका; फाइल फुगते आणि दर्जात जेमतेम फरक पडतो. रंगीत रेघा किंवा मजकूर असेल तर पिलोमध्ये ‘सबसॅम्पलिंग’ ० द्या, म्हणजे रंगछटाही प्रत्येक पिक्सेलच्या राहतात.

जेपेग पुन्हा उघडून, थोडा कापून, पुन्हा जेपेगमध्ये सेव्ह करणं टाळा. कापल्यामुळे ८ × ८ चे ठोकळे सरकतात आणि जुन्या खुणांवर नव्या खुणा बसतात. मधल्या टप्प्यांच्या फाइली पीएनजीत ठेवा आणि जेपेग करायचंच असेल तर अगदी शेवटी, एकदाच.

पीएनजीत काहीही हरवत नाही. त्याची कम्प्रेशन लेव्हल ० ते ९ असते, आणि तिच्याबद्दल एक पक्का गैरसमज आहे: ९ केलं की दर्जा उतरतो. तसं होत नाही. ० असो की ९, पिक्सेल तेच परत मिळतात. बदलतो तो फाइलचा आकार आणि लिहायला लागणारा वेळ. भरभर फ्रेम सेव्ह करायच्या असतील तर १, कायमचं साठवायचं असेल आणि घाई नसेल तर त्याहून जास्त.

वेबपीचं थोडक्यात: ओपनसीव्हीत १ ते १०० क्वालिटी, आणि १०० च्या वरचा आकडा दिला की काहीही न हरवणारा प्रकार. जागा वाचते, पण लेबलिंगचं टूल वेबपी उघडतं का ते आधी बघा.

टिफ हा दशांश किंमती ठेवण्यासाठी उपयोगी. मॉडेलमधून निघालेला हीटमॅप किंवा खोलीचा नकाशा ‘फ्लोट३२’ म्हणून टिफमध्ये तसाच ठेवता येतो. माणसाने बघायची गरजच नसेल तर इमेज फॉरमॅटच्या नादी न लागता नमपायच्या ‘सेव्ह’ने एनपीवाय फाइल करा. आकार, प्रकार, किंमती, सगळं जसंच्या तसं राहतं.

काळी इमेज, पांढरी इमेज: डेटा टाइपचे घोळ

‘स्क्रीनवर बरोबर दिसते, सेव्ह केली की काळी येते’ हा प्रश्न नवशिक्यांकडून सतत येतो. कारण असं आहे. ० ते १ मधल्या दशांश किंमतींची इमेज ‘इमशो’ला दिली की ते स्वतःहून २५५ ने गुणून दाखवतं. ‘इमराइट’ तसं करत नाही. पीएनजी आणि जेपेगमध्ये दशांश बसत नाहीत, म्हणून ते किंमती सरळ जवळच्या पूर्णांकावर आणतं. ०.३ चा ० होतो, ०.८ चा १. संपूर्ण इमेजमध्ये फक्त ० आणि १ उरतात, आणि २५५ च्या मापात १ म्हणजे काळाच. ही माहिती परत मिळवता येत नाही. फाइल उजळ करून बघितली तरी आत दोनच पातळ्या असतात.

सेव्ह करण्याआधीची पायरी ठरलेली आहे: २५५ ने गुणा, ‘राउंड’ करा, नमपायच्या ‘क्लिप’ने ० ते २५५ मध्ये बसवा, आणि शेवटी ‘अ‍ॅझटाइप’ने ‘यूइंट८’ करा. क्रम बदलू नका. क्लिप न करता पूर्णांकांचा अ‍ॅरे ‘यूइंट८’ केला तर २६० चा ४ होतो आणि उणे १ चा २५५ होतो. आकडा वरून ओसंडला की खालून पुन्हा सुरू होतो. अशा इमेजमध्ये उजळ भागात अचानक काळे डाग आणि सावलीत पांढरे ठिपके दिसतात. डाग उजळ भागाच्या मधोमध असतील तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका, क्लिप तपासा. ‘राउंड’ गाळलं तर नुकसान छोटं असतं: १९९.९ चे १९९ होतात आणि इमेज किंचित काळवंडते. पण हजारो इमेजवर हा कल एकाच दिशेने जातो.

पांढरी इमेज ही उलटी बाजू. डेप्थ कॅमेऱ्याकडून अंतर बहुधा १६-बिट पूर्णांकांत, मिलिमीटरमध्ये येतं. १००० म्हणजे एक मीटर. असा अ‍ॅरे जेपेगमध्ये लिहायला दिला तर ‘इमराइट’ त्याचा ८-बिट करतं आणि २५५ च्या वरचं सगळं २५५ वर आणून ठेवतं. साडेपंचवीस सेंटिमीटरच्या पलीकडचं सारं जग पांढरंफटक. पीएनजीत १६-बिट नीट बसतं, ६५,५३५ पर्यंत. फक्त अ‍ॅरे ‘यूइंट१६’ आहे याची खात्री करून घ्या.

आणि वाचताना ‘इमरीड’ला ‘अनचेंज्ड’ हा फ्लॅग द्यायलाच हवा. त्याची किंमत उणे १. तो दिला नाही तर १६-बिटची फाइल ८-बिट, तीन चॅनेलची होऊन हातात येते. फाइल नीट असताना वाचणाऱ्या ओळीमुळे ती बिघडलेली वाटते, आणि मग लोक सेव्ह करणारा चांगला कोड बदलत बसतात.

मास्क: इथे एका पिक्सेलचीही चूक नको

सेगमेंटेशनच्या (कोणता पिक्सेल कोणत्या वस्तूचा हे ठरवण्याच्या) मास्कमध्ये पिक्सेलची किंमत हा रंग नसतो, वर्गाचा क्रमांक असतो. ० पार्श्वभूमी, १ रस्ता, २ वाहन. असा मास्क जेपेगमध्ये गेला की कडांवर नवेच आकडे उगवतात. प्रयोग करून बघा: काळ्या पार्श्वभूमीवर २५५ चं एक वर्तुळ काढा, जेपेगमध्ये सेव्ह करा, परत वाचा आणि नमपायचं ‘युनिक’ चालवा. दोन किंमती असायला हव्यात. त्याऐवजी ० आणि २५५ च्या आसपासच्या किंमतींची लांबच लांब यादी येते. डोळ्याला वर्तुळ मात्र अगदी स्वच्छ दिसतं. ०, १, २ अशा लहान आकड्यांचा मास्क असेल तर वर्ग एकमेकांत मिसळून जातात.

मास्क नेहमी पीएनजीत, एका चॅनेलचा, ‘यूइंट८’. तो उघडल्यावर काळा दिसणार, कारण १ आणि २ दोन्ही जवळजवळ काळे आहेत. काळा दिसतो म्हणून घाबरून २५५ ने गुणू नका. बघण्यासाठी रंगीत प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये करा आणि मूळ मास्कला हात लावू नका. आकार बदलायचा असेल तर ‘इंटर-निअरेस्ट’ वापरा. नेहमीची पद्धत ० आणि २ च्या मध्ये १ तयार करते आणि वाहनाच्या कडेला रस्त्याची झालर लागते. ट्रू-फॉल्स असलेला मास्क ओपनसीव्हीला तसाच देऊ नका, आधी ‘यूइंट८’ करा. वाचताना इथेही ‘अनचेंज्ड’, नाहीतर एका चॅनेलची तीन होतात.

पिलो, मॅटप्लॉटलिब आणि टेन्सर

पिलोची एक गोष्ट शिकणाऱ्यासाठी फार चांगली आहे: चूक झाली की ते बोलतं. फोल्डर नसेल तर एरर. पारदर्शकतेचं चौथं चॅनेल असलेली इमेज जेपेगमध्ये घालायला गेलात तर ‘आरजीबीए मोड जेपेगमध्ये लिहिता येत नाही’ असं सांगतं. दशांश किंमतींची इमेज पीएनजीत घालू देत नाही. ओपनसीव्ही यातल्या बऱ्याच ठिकाणी गपचूप काहीतरी करून मोकळं होतं. पारदर्शक इमेज जेपेगमध्ये देताना ते चौथं चॅनेल टाकून देतं, आणि पारदर्शकतेखाली लपलेला रंग (बहुतेक वेळा काळा) वर येतो.

फोनने काढलेल्या फोटोंबद्दल सावध राहा. फोन उभा धरून काढलेला फोटो अनेकदा आडवाच साठवलेला असतो आणि ‘इतका फिरवून दाखवा’ ही सूचना एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलमधल्या जोड-माहितीत असते. ‘इमरीड’ नेहमीच्या सेटिंगमध्ये ती सूचना पाळून फोटो फिरवतं; ‘अनचेंज्ड’ दिलं तर फिरवत नाही. पिलो आपणहून फिरवत नाही. शिवाय नव्या फाइलमध्ये एक्झिफ आपोआप जात नाही. म्हणजे पिलोने वाचून सेव्ह केलेला फोटो कायमचा आडवा होऊ शकतो, आणि लेबलिंगच्या वेळी उभ्या फोटोवर काढलेले बॉक्स भलतीकडेच पडतात. पिलोमध्ये फोटो उघडल्याबरोबर ‘इमेजऑप्स’मधलं ‘एक्झिफ-ट्रान्सपोज’ चालवा. हे लेबलिंगच्या आधी करायचं, नंतर नाही.

मॅटप्लॉटलिबचं ‘सेव्हफिग’ इमेज सेव्ह करत नाही, पूर्ण आकृती सेव्ह करतं: अक्ष, मोकळी जागा, शीर्षक यांच्यासह. न सांगता त्याची फाइल ६४० × ४८० पिक्सेलची येते, मग तुमची इमेज केवढीही असो. अहवालासाठी ते योग्य आहे, डेटासाठी नाही. ‘इमसेव्ह’ पिक्सेल ठेवतं, पण एका चॅनेलच्या इमेजला ‘व्हिरिडिस’चे जांभळे-पिवळे रंग चढवतं आणि किंमतीही सर्वांत कमी ते सर्वांत जास्त अशा ताणते. मास्क यातून कधीही सेव्ह करू नका.

पायटॉर्च या डीप लर्निंग लायब्ररीच्या टेन्सरमध्ये (तिच्या अ‍ॅरेत) चॅनेल आधी असतात, म्हणजे (३, उंची, रुंदी). ओपनसीव्हीला द्यायच्या आधी ‘परम्यूट’ने (१, २, ०) असा क्रम लावा, टेन्सर सीपीयूवर आणून नमपायमध्ये घ्या, मग वरची २५५ वाली पायरी, मग रंगांचा क्रम. टॉर्चव्हिजनचं ‘सेव्ह-इमेज’ ० ते १ चा टेन्सर थेट घेतं. पण मॉडेलला देण्याआधी नॉर्मलाइझ केलेला (सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागलेला) टेन्सर दिला तर काळपट, भडक इमेज येते, कारण उणे किंमती कापल्या जातात. आधी वजा-भागाकार उलटवा: इमेजनेटचे नेहमीचे आकडे वापरले असतील तर ०.२२९, ०.२२४, ०.२२५ ने गुणून ०.४८५, ०.४५६, ०.४०६ मिळवा.

व्हिडिओतल्या फ्रेम सेव्ह करणं

आधी हिशोब करा. १९२० × १०८० ची एक रंगीत फ्रेम म्हणजे ६२,२०,८०० बाइट. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर मिनिटाला १८०० फ्रेम आणि कम्प्रेशनशिवाय सुमारे ११.२ जीबी. प्रत्येक फ्रेम हवीच का, हा प्रश्न इथे विचारायचा. शेजारच्या फ्रेम एकमेकींसारख्याच असतात. लेबलिंगसाठी दर १५ वी किंवा ३० वी फ्रेम बहुधा पुरते.

व्हिडिओ उघडणाऱ्या ‘व्हिडिओकॅप्चर’चं ‘रीड’ दोन गोष्टी देतं: यश आणि फ्रेम. यश फॉल्स असेल तर लूप तिथेच थांबवा. व्हिडिओ संपल्यावर फ्रेमच्या जागी नन येतं.

नावात क्रमांक शून्यांनी भरून लिहा: ०००००१, ०००००२, असे सहा अंक. नुसते १, २, १० असे लिहिले तर नावाप्रमाणे लावताना १० हा २ च्या आधी येतो आणि व्हिडिओ पुन्हा जोडताना फ्रेम उड्या मारतात. नावात व्हिडिओची ओळखही घाला. दोन व्हिडिओंच्या फ्रेम एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाने गेल्या तर आधीची फाइल न विचारता पुसली जाते.

सर्वांत महागात पडणारी चूक ही: मॉडेलने शोधलेल्या वस्तूभोवती हिरवा चौकोन काढला, स्क्रीनवर दाखवला आणि तीच फ्रेम ट्रेनिंगसाठी सेव्ह केली. ‘रेक्टँगल’ फंक्शन मूळ अ‍ॅरेवरच रेघ ओढतं. पुढचं मॉडेल वस्तू शिकत नाही, हिरवा चौकोन शिकतं, आणि चाचणीच्या इमेजही तशाच असतील तर गुण उत्तम येतात. चौकोन काढायच्या आधी फ्रेमची ‘कॉपी’ घ्या. रेघा कॉपीवर, सेव्ह मूळ फ्रेम.

थेट कॅमेऱ्यावरून सेव्ह करताना लिहिण्यात वेळ गेला की फ्रेम सुटतात. तेव्हा वाचणं एका थ्रेडमध्ये, लिहिणं दुसऱ्यात, मध्ये ‘क्यू’ (फ्रेमची रांग). ओपनसीव्ही आपलं काम करताना पायथनचं जागतिक कुलूप (एका वेळी एकच थ्रेड चालू देणारं) सोडतं, त्यामुळे थ्रेडचा इथे खरा फायदा होतो. क्यूला मर्यादा घाला. वरच्या आकाराच्या १०० फ्रेम साठल्या की ६२० एमबीपेक्षा जास्त मेमरी गेली. मर्यादा नसेल तर डिस्क मागे पडताच मशीन गुदमरतं. बंद करताना क्यू रिकामी होईपर्यंत थांबा, नाहीतर शेवटच्या फ्रेम हरवतात.

मध्येच वीज गेली किंवा प्रोग्रॅम मारला तर शेवटची फाइल अर्धवट राहते, आणि पुढच्या वेळी ‘फाइल आहे, म्हणजे झालं’ असं समजून कोड ती वगळतो. यासाठी आधी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहा आणि यशस्वी झाल्यावर ‘ओएस’मधल्या ‘रिप्लेस’ने खरं नाव द्या. तात्पुरत्या नावाचा शेवटही डॉट पीएनजीच ठेवा. टीएमपी ठेवलं तर ‘इमराइट’ला फॉरमॅटच कळणार नाही.

परत वाचून बघा

मोठं काम सुरू करण्याआधी दहा इमेज सेव्ह करा, ‘अनचेंज्ड’ने परत वाचा आणि तीन गोष्टी जुळवा: ‘शेप’, ‘डीटाइप’ आणि किंमती. पीएनजी, टिफ, एनपीवायसाठी नमपायचं ‘अ‍ॅरे-इक्वल’ ट्रूच आलं पाहिजे; ‘जवळपास सारखं’ इथे चालत नाही. जेपेगसाठी फरकाची सरासरी काढा, पण दोन ‘यूइंट८’ अ‍ॅरे सरळ वजा करू नका. ३ वजा ५ चे उणे २ न येता २५४ येतात आणि उत्तम जेपेगही भयंकर वाटतो. ‘अ‍ॅब्सडिफ’ वापरा. सरासरी फरक काही थोड्या पातळ्यांचा असेल तर ठीक. ५०-६० निघाला तर दोष बहुधा जेपेगचा नसतो, रंगांचा क्रम उलटलेला असतो. शंका आली की सुरुवातीची तीन पट्ट्यांची इमेज त्याच कोडमधून पाठवा. कोणता पट्टा कुठे गेला ते पाहिलं की क्रम कोणत्या ओळीत फिरला हे लगेच सापडतं.